रिकामी ठेवायची जागा

हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८, सोमवार. त्या दिवशी मुसी नदीला आलेल्या पुरात या झाडावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली, असं शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. खाली अफजलगंज वाहून चालला होता. तिथलं जुनं रुग्णालय गेलं, पूल गेले, मातीच्या घरांच्या वस्त्याच्या वस्त्या विरघळल्या. पुढे रुबायांसाठी प्रसिद्ध झालेले उर्दू कवी अमजद हैदराबादी तेव्हा तरुण होते. त्यांची आई, पत्नी आणि मुलगी तिघीही त्या पाण्यात गेल्या, ते एकटे वाचले. मृतांचा आकडा साधारणपणे पंधरा हजार सांगितला जातो, काहीजण तो याहून बराच मोठा मानतात.

आज पुराणा पुलावरून मुसीकडे पाहिलं, तर हे खरं वाटत नाही. खाली काळपट सांडपाण्याचा एक ओघळ, बाजूला गवत, प्लास्टिक. मुसी काही गोदावरी-कृष्णेसारखी थोर नदी नव्हे. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत ती उगम पावते, हैदराबादच्या थोडं वर तिला ईसी नावाची नदी मिळते आणि पुढे जाऊन ती कृष्णेत विलीन होते. वर्षातले बरेच महिने कोरडी असणारी दख्खनची एक सामान्य नदी. अशा नदीने निजामाच्या राजधानीचा एवढा मोठा भाग एका दिवसात कसा पुसून टाकला, या प्रश्नाचं उत्तर शोधायला ज्या माणसाला बोलावलं गेलं, त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

आम्हा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना विश्वेश्वरय्या भेटतात ते १५ सप्टेंबरला, अभियंता दिनाच्या फ्लेक्सवर. पगडी, चष्मा, हार, दोन भाषणं. त्यांनी नेमकं काय केलं, कोणता प्रश्न कसा सोडवला, हे चार वर्षांत कोणी सांगत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, धरणांशी माझा धंद्याचा संबंध नाही. पण त्यांचं हैदराबादचं काम वाचू लागलो, तेव्हा लक्षात आलं की पुराच्या नियोजनातला सर्वांत अवघड आणि आजही न सुटलेला प्रश्न त्या एका कामात पुरता सापडतो.

विश्वेश्वरय्या जन्माने म्हैसूर संस्थानातले, पण घडले पुण्यात. इथल्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनिअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी दोन तपं काढली. १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वतः आखलेली स्वयंचलित दारं बसवली गेली. भिंतीची उंची न वाढवता तलावात आठ फूट जास्त पाणी साठवायचं आणि पूर आला की दारं आपोआप उघडून जादा पाणी सोडून द्यायचं, अशी ती युक्ती. थोडक्यात, तलावात जास्तीत जास्त पाणी कसं मावेल, या प्रश्नावर त्यांचं नाव झालं होतं. हैदराबादेत त्यांच्यापुढे आला तो बरोबर उलटा प्रश्न.

१९०८ साली ते मुंबई सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि युरोपच्या दौऱ्यावर गेले. तिथेच निजाम सरकारचं बोलावणं पोचलं. दौरा पुरा करूनच येईन, असं त्यांनी कळवलं आणि १५ एप्रिल १९०९ रोजी ते हैदराबादेत दाखल झाले. कामं तीन होती: शहराच्या पुनर्रचनेसाठी सल्ला, पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून योजना, आणि शहर व चादरघाटसाठी सांडपाण्याची व्यवस्था. पुराबद्दलचा अहवाल त्यांनी त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सादर केला. साडेपाच महिने लागले.

त्यांनी आधी पाण्याचा हिशेब मांडला. शमशाबादच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत १२.८ इंच, म्हणजे सव्वातीनशे मिलिमीटर पाऊस पडला होता. हैदराबादच्या वर मुसीचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैल. आणि या क्षेत्रात तब्बल ७८८ तलाव होते, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. दख्खनच्या कोरड्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या बांधत आणलेले हे मातीचे बांध. पावसाचा थेंब न्‌ थेंब अडवायचा, भात पिकवायचा, उरलेलं पाणी सांडव्यावरून खालच्या तलावाला द्यायचं. त्या दोन दिवसांत यातले २२१ तलाव फुटले.

हे तलाव एका माळेत ओवलेले होते. वरचा फुटला की त्याचं सगळं पाणी एकदम खालच्यावर येतं. खालच्याचा सांडवा त्याच्या स्वतःच्या पाणलोटाच्या मापाने बांधलेला, त्याला हे पाणी झेपत नाही, मग तोही फुटतो आणि दोघांचं पाणी तिसऱ्यावर जातं. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हा प्रकार चांगला ठाऊक आहे. एक सर्व्हर कोसळला की त्याचा भार शेजारच्यांवर पडतो, ते कोसळतात, आणि पाहता पाहता सगळी रांग आडवी होते. प्रत्येक भाग सुटा तपासला तर ठीक असतो, घात त्यांच्या जोडणीत असतो. मुसीच्या खोऱ्यात सामान्य वर्षी पाणी राखणारी व्यवस्था असामान्य दिवशी पूर वाढवणारी ठरली.

आणि तारीख पाहा: २८ सप्टेंबर. पावसाळा संपत आलेला, जमीन तृप्त, तलाव काठोकाठ भरलेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून चांगली स्थिती नाही. नेमक्या त्याच वेळी आकाश फाटलं तर पाणी ठेवायला कुठेच जागा नाही.

विश्वेश्वरय्यांच्या अंदाजानुसार पुराचा कमाल विसर्ग ४,२५,००० क्युसेक होता, म्हणजे सेकंदाला बारा हजार घनमीटर. एवढं पाणी शहरातून सुखरूप कसं न्यायचं? पहिला उपाय कोणालाही सुचेल असा: नदीच्या दोन्ही काठांना उंच भिंती बांधा, पात्र रुंद आणि खोल करा. पण एवढ्या पाण्याला पुरेल इतकं पात्र शहराच्या मधोमध करायचं, तर जे वाचवायचं त्यातलंच बरंच पाडावं लागतं. शिवाय भिंतीचा एक स्वभाव आहे. पाणी तिच्याखाली असेपर्यंत ती पूर्ण संरक्षण देते, तिच्यावर एक फूट चढलं की काहीच देत नाही. आणि तोपर्यंत भिंतीच्या भरवशावर लोक नदीच्या आणखी जवळ राहायला आलेले असतात.

शहरातल्या काठांची उंची वाढवावी, तिथे रस्ते, बागा आणि फिरायच्या जागा कराव्यात, हे विश्वेश्वरय्यांनी सुचवलं. पण मुख्य निष्कर्ष वेगळा होता. शहराला पुरापासून अभय हवं असेल तर ते शहराच्या वर, पाणलोट क्षेत्रात मोठे जलाशय बांधूनच मिळेल. एक मुसीवर, एक ईसीवर. पूर हा नुसता पाण्याचा प्रश्न नसतो, तो वेळेचा प्रश्न असतो. जे पाणी सहा तासांत आलं तर शहर बुडवतं, तेच तीन दिवसांत आलं तर पुलाखालून मुकाट्याने निघून जातं. जलाशयाचं काम पूर गिळून टाकणं हे नाही, त्याला थांबवून, रांगेत उभं करून, हळूहळू पुढे सोडणं हे आहे.

अहवाल देऊन विश्वेश्वरय्या नोव्हेंबरमध्ये म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले. १९११ साली सहावे निजाम महबूब अली खान वारले. काम झालं ते त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांच्या काळात. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. मुसीवरचा उस्मान सागर, ज्याला लोक आजही गंडीपेट म्हणतात, १९२० साली पुरा झाला. ईसीवरचा हिमायत सागर १९२७ साली. नदीकाठी उच्च न्यायालयाची आणि उस्मानिया रुग्णालयाची देखणी इमारत उभी राहिली. हैदराबादला पुरापासून बरीच सुरक्षा मिळालीच, वर पिण्याचं स्वच्छ पाणीही मिळालं.

हे ‘वर’ मिळालेलं पाणी पुढे मुख्य होऊन बसलं. कसं, ते कळण्यासाठी त्याच काळात दुसऱ्या एका नदीकाठच्या गावाने काय केलं, ते पाहावं लागेल.

मार्च १९१३. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं डेटन हे शहर ग्रेट मायामी नदीच्या काठी वसलेलं. आणखी दोन नद्या आणि एक ओढा तिथेच येऊन मिळतात. शहराभोवती मातीचे बांध होते. ईस्टरच्या सुमारास तीन दिवस पाऊस कोसळला, २५ मार्चला पाणी बांधांवरून गेलं आणि बांध फुटले. मायामीच्या खोऱ्यात साडेतीनशेहून जास्त माणसं मेली. लोकांनी घरांच्या माळ्यांवर, छपरांवर रात्री काढल्या, खाली पाणी आणि वर गॅसच्या आगी. पूर ओसरल्यावर शहराने सरकारची वाट न पाहता निधी उभारायला घेतला. माळ्यावर बसून केलेले नवस आठवा, अशा अर्थाची घोषणा होती. महिन्या-दोन महिन्यांत वीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमा झाली.

काम सोपवलं आर्थर मॉर्गन या इंजिनिअरवर. या गृहस्थाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, सगळं काम करता करता शिकलेलं. पुढे ते टेनेसी व्हॅली प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९४८-४९ च्या आपल्या राधाकृष्णन विद्यापीठ शिक्षण आयोगाचे सदस्य म्हणून भारतातही आले होते. मॉर्गननी घाई केली नाही. १९१३ हा शेवटचा मोठा पूर असेल असं त्यांनी धरलं नाही. पूर्व अमेरिकेतल्या वादळी पावसाच्या नोंदी गोळा करून त्यांच्या लोकांनी स्वतंत्र तांत्रिक अहवालच छापला, आणि १९१३ च्या पुरापेक्षा जवळपास ४० टक्के मोठा पूर धरून आखणी केली.

आखणीतली मुख्य गोष्ट म्हणजे शहराच्या वर बांधलेली पाच मातीची धरणं. विचार विश्वेश्वरय्यांचाच, पण एक फरक होता. या धरणांत पाणी साठवायचंच नाही. प्रत्येक धरणाच्या तळाशी काँक्रीटचे कायम उघडे बोगदे आहेत. एरवी नदी त्यांतून आपली वाहत राहते, धरण जणू नाहीच. पूर आला की बोगद्यांतून जाईल तेवढंच पाणी पुढे जातं, उरलेलं मागे तुंबतं, आणि पाऊस थांबल्यावर आपोआप ओसरतं. बोगद्याचं माप खालच्या पात्राला किती पाणी झेपेल यावरून ठरवलेलं. दारं नाहीत, यंत्रं नाहीत, मध्यरात्री कोणी निर्णय घ्यायचा नाही. १९२२ पर्यंत धरणं तयार झाली. तेव्हापासून दोन हजारांहून जास्त वेळा त्यांच्या मागे पाणी तुंबून ओसरलं आहे. आणि डेटनमध्ये १९१३ पुन्हा झालं नाही.

यावर सहज येणारी प्रतिक्रिया अशी, की धरण बांधायचं आणि रिकामं ठेवायचं? एवढ्या खर्चात वीज नाही, सिंचन नाही, नौकाविहार नाही? तेव्हाही लोक हेच म्हणाले. सगळ्यांत कडवा विरोध वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांचा होता, कारण डेटन वाचवायला पाणी तुंबणार होतं त्यांच्या शेतात. ऑस्बर्न नावाचं आख्खं गाव घरांसह उचलून दुसरीकडे न्यावं लागलं. कोर्टकज्जे झाले. पण हे भांडण आधी झालं, आणि कायद्याच्या चौकटीत झालं. १९१४ साली ओहायोने यासाठी वेगळा कायदा केला. त्याखाली मायामी खोऱ्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली. पुरापासून ज्या मिळकतीला जितका फायदा, तितका आकार तिच्या मालकाने भरायचा, आणि ज्याच्या जमिनीवर पाणी तुंबणार त्याला मोबदला द्यायचा, हे तत्त्व ठरलं. तुंब क्षेत्रात शेती चालू राहिली, फक्त घर बांधायचं नाही. रिकाम्या जागेला किंमत लावली गेली आणि ती कोणी मोजायची, हे लिहून ठेवलं गेलं.

हैदराबादने तसं करायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. ओहायोत पाऊस वर्षभर पडतो, आपल्याकडे चार महिने. वाढत्या राजधानीला पिण्याचं पाणी हवं असताना दख्खनमध्ये दोन प्रचंड धरणं बांधून ती कोरडी ठेवा म्हणणं हा शहाणपणा नव्हता. एकाच बांधकामात दोन कामं करणं अगदी रास्त होतं. पण ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी जलाशय भरलेला हवा, पुरासाठी रिकामा. आणि जो कप्पा रिकामा ठेवायचा त्याचा उपयोग रोज दिसत नाही, भरलेल्या कप्प्याचा दिसतो.

एक ढोबळ गणित करू. उस्मान सागरची साठवण ३.९ टीएमसी, हिमायत सागरची २.९७ टीएमसी, मिळून ६.८७. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. ४,२५,००० क्युसेकने तासाला दीड टीएमसी पाणी येतं. म्हणजे दोन्ही तलाव पूर्ण कोरडे असले तरी १९०८ चा कमाल विसर्ग ते साडेचार तासांत भरून टाकतील. अर्थात पूर सतत कमाल पातळीवर नसतो आणि पूर्ण पातळीच्या वरही धरणात थोडी जागा असते, त्यामुळे प्रत्यक्ष चित्र याहून बरं असेल. पण तलाव सप्टेंबरअखेर भरलेले असतील, आणि पिण्यासाठी राखलेले तलाव सप्टेंबरअखेर भरलेलेच असायचे, तर मग त्यांच्याकडे देण्यासारखं फारसं काही उरत नाही. आलेलं पाणी दारांतून पुढे सोडणं, एवढंच.

पुढची गोष्ट अलीकडची आहे. १९९६ साली आंध्र प्रदेश सरकारने १११ क्रमांकाचा शासन निर्णय काढून या दोन तलावांभोवती दहा किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, मोठ्या बांधकामांवर निर्बंध घातले. २०२२ साली तेलंगण सरकारने ते उठवले. युक्तिवादाचा भर असा होता, की शहराला आता कृष्णा-गोदावरीचं पाणी येतं, पिण्यासाठी या तलावांची गरज उरलेली नाही. वाचताना मी थबकलो. पिण्याची गरज संपली असेल तर हे तलाव आता पहिल्यांदाच निव्वळ पुरासाठी राखता येतील, असाही त्याचा अर्थ होऊ शकत होता. पण मूळ काम इतकं विस्मरणात गेलं होतं, की दुय्यम काम संपताच तलावांभोवतालची जमीन मोकळी झाली, असा अर्थ लावला गेला.

हे वाचून आपल्याला सांगली आठवणं साहजिक आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर कोयनेतून कधी किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलं, यावर वाद झाले, अजून होतात. मला त्या वादाचा निवाडा करता येणार नाही. पण वादाच्या मुळाशी असलेली गोष्ट तीच आहे. कोयनेचे १०५ टीएमसी वीज आणि सिंचनासाठी बांधले गेले. ऑगस्टमध्ये त्यातली काही जागा रिकामी ठेवा म्हणणं म्हणजे वीज आणि शेतीचं पाणी पणाला लावणं. पुढे पाऊस ओढला तर ज्याने पाणी सोडलं त्या अधिकाऱ्याला फाडून खातील. पाणी धरून ठेवलं आणि पूर आला, तर निसर्गावर ढकलता येतं. अशा स्थितीत कोणताही समंजस माणूस धरण भरूनच घेईल. म्हणून दोष एका अधिकाऱ्याच्या निर्णयात शोधून हाती काही लागत नाही. कोणत्या तारखेला किती जागा रिकामी ठेवायची हे आधी ठरवून जाहीर करणं, आणि त्यापायी शेतकऱ्याचं किंवा वीजनिर्मितीचं जे नुकसान होईल ते पूररेषेतल्या शहरांनी आणि राज्याने भरून देण्याची तजवीज करणं, हे डेटनने शंभर वर्षांपूर्वी केलेलं काम आपल्याकडे अजून बाकी आहे. नुसत्या पूरभिंतीचे आराखडे त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

विश्वेश्वरय्या १९६२ साली, शंभरी ओलांडून वारले. त्याआधी नऊ महिने, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या पाण्याने खडकवासल्याची भिंतही तोडली. वरचं धरण खालच्याला घेऊन जातं, हे २२१ तलावांचं गणित त्यांनी बावन्न वर्षांपूर्वी मांडलं होतं.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादेत पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू हे जुने तलाव फुटून वस्त्यांत पाणी शिरलं. सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात उस्मान सागर आणि हिमायत सागरची दारं उघडावी लागली आणि शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकात पाणी घुसलं. रात्री प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. हे बसस्थानक मुसीच्या पात्रातच, दोन प्रवाहांमधल्या बेटावर, १९९० च्या दशकात बांधलेलं आहे. चिंचेचं ते झाड तिथून फार लांब नाही.